न दिपवणारा दिवा : लुई पौल्सेन कंपनीची वाटचाल

विजेचा दिवा घरात आला तेव्हा त्याने अंधाराचा प्रश्न सोडवला, परंतु त्याच वेळी एक नवा प्रश्नही निर्माण केला. रॉकेलच्या दिव्याची ज्योत रुंद, पिवळसर आणि मंद असे. तिच्याकडे पाहिले तरी डोळ्यांना फारसा त्रास होत नसे. विजेच्या बल्बमधील तंतू मात्र केसासारखा बारीक आणि अतिशय तेजस्वी होता. आरंभीचे बल्ब कार्बनच्या तंतूचे होते. पुढे टंगस्टनचा तंतू वापरात आला आणि १९१३च्या सुमारास वायू भरलेले बल्ब मिळू लागले, तेव्हा हे तेज आणखी वाढले. घरे उजळली, पण त्या उजेडात स्वस्थपणे वाचणे, शिवणे किंवा समोरच्या माणसाचा चेहरा नीट पाहणे सोपे झाले असे मात्र नव्हे.

याचे कारण डोळ्यांच्या रचनेत आहे. दृष्टीच्या टप्प्यात एखादा अतिशय तेजस्वी बिंदू आला की बाहुली आकसते आणि भोवतालच्या वस्तू प्रत्यक्षात आहेत त्यापेक्षा काळोख्या भासतात. वाचकाला याचा पडताळा घरीच घेता येईल. उघडा बल्ब समोर, डोळ्यांच्या उंचीवर ठेवून एखादे पान वाचावे. नंतर मधे पुठ्ठा धरून बल्ब दृष्टीआड करावा, पण पानावरचा उजेड तसाच राहू द्यावा. उजेड वाढलेला नसतो, तरी अक्षरे अधिक स्पष्ट दिसू लागतात. तात्पर्य, चांगल्या दिव्याचे काम केवळ प्रकाश देणे हे नाही. प्रकाशाचे उगमस्थान लपवून तो हवा तेथे पोहोचवणे हे आहे.

या प्रश्नाचा चिकाटीने पाठपुरावा डेन्मार्कमध्ये झाला. तेथील एका रचनाकाराने त्याचे उत्तर शोधले आणि कोपनहेगनमधील लुई पौल्सेन या पेढीने ते लोकांपर्यंत पोहोचवले. त्या पेढीचा इतिहास म्हणजे एका व्यापारी संस्थेचे उत्पादक संस्थेत कसे रूपांतर झाले याचा इतिहास होय.

मद्यापासून विजेच्या सामानापर्यंत

या पेढीचा आरंभ दिव्यांशी मुळीच संबंधित नव्हता. १८७४ साली लुडविग आर. पौल्सेन या गृहस्थाने कोपनहेगन येथे परदेशातून थेट मद्य आयात करणारी एक पेढी काढली. ती फार काळ चालली नाही. १८७८ मध्ये तो व्यवसाय बंद करावा लागला. पुढे १८९२ साली कोपनहेगनमधील पहिले वीजकेंद्र गोथर्सगेड या रस्त्यावर सुरू झाले. वीज आली म्हणजे तारा, बटणे, खटके, हत्यारे आणि दिवे यांची मागणी येणार हे लुडविग पौल्सेनने ओळखले आणि त्याने विजेच्या सामानाच्या विक्रीस हात घातला.

१८९६ मध्ये त्याचा पुतण्या लुई पौल्सेन कामावर आला आणि १९०६ साली काकाच्या मृत्यूनंतर दुकानाची सर्व जबाबदारी त्याच्याकडे आली. १९०८ मध्ये पेढी न्यूहावन या बंदरालगतच्या जुन्या वस्तीतील ११ क्रमांकाच्या इमारतीत गेली. १९११ मध्ये सोफुस कॉस्ट्रप-ओल्सेन हा भागीदार झाला आणि 'लुई पौल्सेन आणि कंपनी' हे नाव रूढ झाले. १९१७ मध्ये लुई पौल्सेन व्यवसायातून निवृत्त झाला. कॉस्ट्रप-ओल्सेनने १०,००० क्रोनर देऊन त्याचा हिस्सा विकत घेतला आणि तो एकटा मालक बनला. अशा रीतीने, ज्याच्या नावाने ही कंपनी आज जगभर ओळखली जाते, तो मनुष्य तिचा पहिला प्रसिद्ध दिवा निघण्यापूर्वीच तिच्यातून बाहेर पडला होता.

पौल हेनिंगसेन

पौल हेनिंगसेन हा १८९४ साली ऑर्ड्रप येथे जन्मला. त्याची आई आग्नेस हेनिंगसेन ही लेखिका होती. त्याचे बालपण रॉकेलच्या दिव्यांच्या उजेडात गेले, आणि त्या उबदार उजेडाची आठवण त्याच्या पुढील कामात सतत डोकावत राहिली. तंत्रविद्यालयात त्याचे शिक्षण झाले, परंतु वास्तुशिल्पाची पदवी त्याने घेतली नाही. तो घरांचे आराखडे करी, वृत्तपत्रांतून लिही आणि रंगमंचावरील विनोदी कार्यक्रमांसाठी गीतेही रची. १९२६ ते १९२८ या काळात त्याने 'क्रितिस्क रेव्यू' हे टीकात्मक नियतकालिक चालवले. सुंदर वस्तू मूठभर श्रीमंतांसाठी घडवण्यापेक्षा नित्याच्या वापरातील वस्तू चांगल्या व्हाव्यात, असा त्याचा आग्रह होता.

दिव्यांसंबंधीचे त्याचे विचार साधे, पण काटेकोर होते. बल्ब कोणत्याही बाजूने डोळ्यांना दिसू नये. प्रकाश उबदार असावा. आणि सावल्या पूर्णपणे पुसल्या जाऊ नयेत. सावलीमुळेच चेहऱ्याला आणि वस्तूला आकार येतो, म्हणून सावली हवी, परंतु ती कठोर नसावी. खोलीच्या मध्यभागी एकच प्रखर दिवा टांगण्यापेक्षा, जेथे माणसे बसतात, जेवतात, वाचतात तेथे तेथे सौम्य उजेडाची स्थाने असावीत, असेही तो मानी.

तीन छत्र्यांचा दिवा

१९२४ मध्ये हेनिंगसेन आणि लुई पौल्सेन कंपनी यांचे सहकार्य सुरू झाले. १९२५ साली पॅरिस येथे उपयोजित कलांचे मोठे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. तेथील डॅनिश विभागात हेनिंगसेनचा दिवा मांडण्यात आला व त्याला सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर कोपनहेगनमध्ये 'फोरम' हे भव्य प्रदर्शनगृह उभे राहिले. १९२६ मध्ये तेथे मोटारगाड्यांचे प्रदर्शन भरावयाचे होते आणि त्या विस्तीर्ण सभागृहाच्या प्रकाशयोजनेचे काम या दोघांना मिळाले. या कामातून तीन छत्र्यांचा तो दिवा सिद्ध झाला, जो हेनिंगसेनच्या नावाच्या आद्याक्षरांवरून 'पीएच' दिवा म्हणून ओळखला जाऊ लागला.

या दिव्यात एकाखाली एक अशा तीन छत्र्या असतात. वरची सर्वांत मोठी, मधली तिच्याहून लहान आणि खालची सर्वांत लहान. त्यांचा बाक केवळ नजरेला बरा वाटतो म्हणून ठरवलेला नाही. गणितात लॉगरिथमी सर्पिल नावाची एक वक्ररेषा आहे. काही शंखांच्या वेटोळ्यांत तिच्याशी जुळणारा आकार आढळतो. या रेषेचा विशेष असा की केंद्रापासून निघालेली प्रत्येक सरळ रेषा तिला सारख्याच कोनात छेदते. हेनिंगसेनने बल्ब या केंद्रस्थानी ठेवला आणि छत्र्यांना त्या वक्ररेषेचा आकार दिला. परिणामी बल्बचा किरण छत्रीवर कोठेही पडला तरी तो जवळजवळ एकाच कोनात, म्हणजे सुमारे ३७ अंशांत पडतो. छत्रीचा कोणताही भाग एकाएकी चमकून उठत नाही. उजेड आतून कडेपर्यंत हळूहळू मंद होत जातो. वरची छत्री सर्वांत अधिक प्रकाश खाली टाकते. मधली आणि खालची आपापला वाटा पसरवतात आणि त्याचबरोबर बल्ब दृष्टीआड ठेवतात.

छत्र्या कधी धातूच्या, तर कधी दुधी काचेच्या करण्यात येत. निरनिराळ्या आकारांच्या छत्र्या ठरावीक प्रमाणात एकमेकींशी जोडून टेबलावरचे, टांगायचे, भिंतीवरचे आणि उभे असे अनेक प्रकारचे दिवे तयार करता येत. रचनेचे तत्त्व एक आणि त्याचे उपयोग अनेक, यामुळे कारखानदारीला ही पद्धत सोयीची ठरली. घरे, शाळा, कचेऱ्या आणि इस्पितळे यांत हे दिवे लागले. दुसऱ्यांचा माल विकणारी पेढी आता स्वतःच्या एका तत्त्वावर उभी राहिली.

युद्धकाळातील अंधार

१९३९ मध्ये सोफुस कॉस्ट्रप-ओल्सेनचे निधन झाले व त्याचा मुलगा येन्स याच्याकडे कारभार आला. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९४० मध्ये, जर्मन सैन्याने डेन्मार्क व्यापला. विमानहल्ल्यांच्या भीतीने रात्री दिवे झाकण्याची सक्ती झाली. कोपनहेगनमधील टिवोली ही प्रसिद्ध करमणुकीची बाग दिव्यांवाचून संध्याकाळीच बंद करण्याची वेळ आली. हेनिंगसेन १९४१ पासून या बागेचा मुख्य वास्तुशिल्पज्ञ होता. त्याने असा दिवा रचला की त्याचा उजेड खाली वाटेवर पडे, पण आकाशातून तो दिसत नसे. त्यामुळे टिवोली मध्यरात्रीपर्यंत उघडी ठेवता आली. उगमस्थान डोळ्यांपासून लपवण्याचे जे तत्त्व दिवाणखान्यासाठी शोधले होते, तेच येथे विमानातील डोळ्यांपासून दिवा लपवण्यास उपयोगी पडले.

याच वर्षी कंपनीने 'न्यूट' हे नियतकालिक सुरू केले आणि त्याचे संपादन हेनिंगसेनकडे सोपवले. माल खपवण्याच्या पत्रकापेक्षा त्याचे स्वरूप निराळे होते. प्रकाश, वास्तुशिल्प आणि राहणी यांविषयी त्यात चर्चा होई. परंतु १९४३ मध्ये परिस्थिती बिघडली. ज्यूंची धरपकड सुरू झाली तेव्हा ज्यू वंशाचा वास्तुशिल्पज्ञ आर्ने याकोबसेन याला देश सोडावा लागला. नाझींचा उघड टीकाकार असलेला हेनिंगसेनही त्याच्याबरोबर निघाला. रात्रीच्या वेळी वल्ह्यांच्या लहान होडीतून सामुद्रधुनी ओलांडून ते स्वीडनला पोहोचले. युद्ध संपल्यावर दोघेही मायदेशी परतले आणि दोघांच्याही दिव्यांनी पुढे या कंपनीचे नाव वाढवले.

बल्ब बदलला, तत्त्व टिकले

तीन छत्र्यांच्या दिव्याचे सारे गणित बल्बमधील तंतू नेमका कोठे आहे यावर अवलंबून होते. परंतु बल्बचे उत्पादक त्याचा आकार आणि काच वारंवार बदलू लागले. आतून धुरकट केलेल्या बल्बमध्ये तर सगळा फुगाच उजळून निघे. अशा बल्बने जुन्या छत्र्यांचा हिशेब चुके. बल्बच्या कारखानदारांशी भांडून उपयोग नाही हे हेनिंगसेनने जाणले आणि कोणताही बल्ब बसवला तरी ज्याच्या प्रकाशाची गुणवत्ता बिघडणार नाही असा दिवा त्याने १९५८ मध्ये तयार केला. त्याच्या सर्वांत मोठ्या छत्रीचा व्यास ५० सेंटिमीटर, म्हणून त्याचे नाव 'पीएच ५'. याच्या आतील लहान भागांना निळा व तांबडा रंग दिलेला आहे. पिवळ्या-हिरव्या प्रकाशाला डोळा अधिक संवेदनशील असतो. वर्णपटाच्या दोन्ही टोकांना, म्हणजे तांबड्या व निळ्या रंगांच्या बाबतीत, ही संवेदनशीलता कमी होते. ती उणीव थोडीफार भरून काढणे हा या रंगांचा हेतू. जेवणाच्या टेबलावर हा दिवा बराच खाली टांगला तरी समोरासमोर बसलेल्यांचे डोळे दिपत नाहीत. डेन्मार्कमधील असंख्य घरांत तो आढळतो तो यामुळेच.

त्याच वर्षी कोपनहेगनच्या लांगेलिनी या समुद्रकाठच्या भागातील उपाहारगृहासाठी हेनिंगसेनने एक भव्य दिवा रचला. त्यात तांब्याची ७२ पाने १२ ओळींत, प्रत्येक ओळीत ६ याप्रमाणे लावलेली आहेत. कोठूनही पाहिले तरी बल्ब दिसत नाही, केवळ उजळलेली पाने दिसतात. डॅनिश भाषेत याला देवदारासारख्या झाडाच्या शंकूचे नाव आहे. अन्यत्र तो आर्टिचोक या पाकळ्यांचे थर असलेल्या भाजीच्या नावाने ओळखला जातो. १९६७ मध्ये हेनिंगसेनचे निधन झाले.

कंपनीने एकाच रचनाकारावर भिस्त ठेवली नाही. याकोबसेनने कोपनहेगनमधील एसएएस रॉयल हॉटेलची इमारत आणि तिच्यातील लहानमोठ्या वस्तू घडवल्या. त्यांपैकी तिरक्या टोपीचा दिवा लुई पौल्सेनने बाजारात आणला. हे हॉटेल १९६० मध्ये सुरू झाले. याकोबसेनच्या कार्यालयात काही काळ काम केलेला व्हर्नर पँटन हा निराळ्या वृत्तीचा, गोल आकारांचा आणि भडक रंगांचा चाहता होता. परंतु त्याच्या १९७१ सालच्या 'पँथेला' दिव्यात टोपी आणि खालचा पाया हे दोन्ही प्रकाश परावर्तित करतात. रूप बदलले, विचाराची दिशा तीच राहिली.

आजची स्थिती

युरोपीय संघात २००९ ते २०१२ या काळात जुने तापदीप्त बल्ब टप्प्याटप्प्याने बाजारातून काढण्यात आले आणि त्यांची जागा पुढे एलईडी दिव्यांनी घेतली. ज्या बल्बसाठी १९२६चा दिवा रचला होता तो बल्बच नाहीसा झाला, तरी त्या रचनेचे दिवे नव्या प्रकाशस्रोतासह बनत राहिले. मालकीही बदलली, २०१८ मध्ये ही कंपनी फ्लॉस आणि बी अँड बी इटालिया या इटालियन कंपन्यांबरोबर एका उद्योगसमूहात सामील झाली.

या यशाला एक उणी बाजूही आहे. सर्वसामान्यांच्या घरासाठी कल्पिलेले हे दिवे आज बरेच महाग आहेत आणि त्यांचे जुने नमुने संग्राहक लिलावात विकत घेतात. हेनिंगसेनची लोकाभिमुख इच्छा अशा रीतीने अंशतः अपुरी राहिली. तथापि त्याने सिद्ध केलेले तत्त्व विकत घ्यावे लागत नाही. उगम झाकावा, प्रकाश कामाच्या जागी न्यावा आणि सावलीला तिचे स्थान द्यावे, एवढे ध्यानात ठेवले तर साध्या पत्र्याच्या छत्रीनेही खोलीतला उजेड सुधारता येतो. एलईडीचा अतितेजस्वी ठिपका घराघरांत पोहोचला असताना या तत्त्वाची गरज, उघड्या तंतूच्या काळात होती त्याहून कमी झालेली नाही.