पिंकीचे हसू

मुलांनो, उत्तर प्रदेशातील मिर्झापूर जिल्ह्यात एका खेड्यात पिंकी सोनकर नावाची मुलगी होती. जन्मापासून तिचा वरचा ओठ दुभंगलेला होता. मुले तिला चिडवत. ती शाळेत जात नसे.

असा ओठ का होतो? काही लोक म्हणतात, आईने ग्रहणात भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ कापला गेला. हे खरे नाही. बाळ आईच्या पोटात असताना पहिल्या दोन-तीन महिन्यांत त्याच्या ओठाचे भाग जुळून येतात. कधी कधी ते पुरते जुळत नाहीत. ते राहिलेले काम डॉक्टर पूर्ण करतात. बाळाला भूल देऊन ते स्नायू व त्वचा जुळवतात आणि बारीक टाके घालतात. हिलाच प्लास्टिक सर्जरी म्हणतात. तिच्या नावातील 'प्लास्टिक' म्हणजे आपली प्लास्टिकची पिशवी नव्हे! मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे 'आकार देणे'.

वाराणसीला डॉ. सुबोधकुमार सिंह यांनी पिंकीवर मोफत शस्त्रक्रिया केली. तिच्यावरील 'स्माइल पिंकी' या माहितीपटाला २००९ साली ऑस्कर पुरस्कार मिळाला. २०१३ साली विम्बल्डनच्या पुरुषांच्या अंतिम सामन्यात नाणेफेक पिंकीने केली.

ही शस्त्रक्रिया बाळ तीन ते सहा महिन्यांचे असताना झाली तर उत्तम. उशीर झाला तरी ती करता येते. पिंकी तेव्हा सुमारे पाच वर्षांची होती.

तुमच्या मोहल्ल्यात असे बाळ आहे का? त्याच्या अम्मी-अब्बांना सरकारी दवाखान्यात जायला सांगा. आणि असे मूल तुमच्या वर्गात आले, तर त्याला आपल्या बाकावर जागा द्या.