चंद्रावरचे दगड आणि आपले लोणार

सहलीत लोणारला आमच्यातल्या एकाने काळा खडा खिशात घातला. गुरुजींनी तो होता तिथेच ठेवायला लावला. एका खड्याचे एवढे काय, असे आम्हांला वाटले.

मित्रांनो, लोणारचे विवर अशनी कोसळून पडले. रुंदी सुमारे १.८ किलोमीटर. त्या तडाख्याने काळा पाषाण वितळून काचेचे बारीक मणी झाले. असेच मणी चंद्रावरच्या मातीतही आहेत! १९६९ ते १९७२ मध्ये अपोलोच्या अंतराळवीरांनी तिथून ३८२ किलो दगडमाती आणली. शास्त्रज्ञांनी तिची लोणारच्या नमुन्यांशी तुलना केली.

पण एवढ्या लांबून दगड कशाला आणायचे? पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. तिचे पहिलेवहिले दगड ऊनपावसाने झिजले, पोटात जाऊन वितळले. लोणारचा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे कालचाच म्हणा ना! चंद्रावर वारा नाही, पाऊस नाही. तिथे ४०० कोटी वर्षांहून जुने दगड टिकलेत. पृथ्वीच्या बालपणी तिच्यावर अशनींचा केवढा मारा झाला असेल, याचा अंदाज त्यांवरून येतो.

मात्र दगड नेमका कोठून उचलला हे ठाऊक नसेल, तर अभ्यास अर्धवट राहतो. गुरुजी म्हणाले, अंतराळवीरसुद्धा बरेचसे दगड उचलण्याआधी जागेवरच त्यांचे फोटो काढत.