तापणारा संगणक : कारणाचा शोध कसा करावा



गेल्या दिवाळीच्या सुटीनंतरची गोष्ट आहे. एका रविवारीं उपासना आटोपून मी घरीं आलों, तों आपल्या शाळेंतील दहावीच्या वर्गांतला एक विद्यार्थी वडिलांसह ओटीवर बसलेला दिसला. घरच्या संगणकावर हा मुलगा अभ्यासही करी आणि खेळही खेळे. अलीकडे खेळ सुरू होतांच पंखे घोंघावूं लागत, चित्रें अडखळत, आणि थोड्या वेळानें सगळें यंत्र आपोआप बंद पडे. एका दुरुस्ती करणाऱ्यानें यंत्र न उघडतांच "प्रोसेसर जळाला, तो आणि मदरबोर्ड दोन्ही बदलावे लागतील" असें सांगून वीस हजार रुपयांचा आंकडा लिहून दिला होता. संगणक पतपेढीच्या कर्जावर घेतलेला, आणि त्या कर्जाचे हप्ते अजून फिटावयाचे होते. "सर, तो खरोखरच जळाला असेल काय?" एवढेंच वडिलांनीं विचारलें. मुलगा खालीं मान घालून गप्प बसला होता.

मीं म्हटलें, "प्रोसेसर जळाला असता तर यंत्र सुरूच झालें नसतें. तें सुरू होतें, काम करितें आणि मग थांबतें. तेव्हां आधीं तें कां थांबतें, हें पाहूं." त्या दिवशीं आम्हीं जें पाहिलें आणि ज्या क्रमानें पाहिलें, तें येथें सांगतों.

१. उष्णतेचा मार्ग

प्रोसेसर म्हणजे संगणकांतील आंकडेमोड करणारें अंग. नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर अब्जावधि सूक्ष्म विद्युत्कळा कोरलेल्या असतात, आणि त्या सेकंदाला अब्जावधि वेळां उघडझाप करितात. या कामीं खर्च होणारी वीज शेवटीं जवळजवळ सर्वच उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. या मुलाच्या यंत्रांत इंटेल कंपनीचा कोअर आय-५ १२४०० हा प्रोसेसर होता. त्याची मूळ शक्ति ६५ वॉट व कमाल शक्ति ११७ वॉट आहे. पूर्वीं घरोघरीं तारेचे शंभर वॉटचे दिवे असत. पेटलेल्या दिव्याला हात लावण्याची कोणाची छाती होत नसे. तितकीच उष्णता नखाएवढ्या जागेंतून निघते असें मनांत आणा, म्हणजे ती सतत वाहून नेणें किती अगत्याचें आहे हें कळेल.

ही उष्णता चार टप्प्यांनीं बाहेर जाते. सिलिकॉनमधून ती वरच्या धातूच्या झांकणांत येते. झांकणांतून ती एका पातळ लेपामधून शीतकाच्या, म्हणजे ज्याला बाजारांत कूलर म्हणतात त्याच्या, तळाशीं जाते. तळापासून ती धातूच्या पाकळ्यांत पसरते. शेवटीं पाकळ्यांवरून पंख्याच्या वाऱ्याबरोबर ती पेटीबाहेर, खोलींतील हवेंत मिसळते.

लेप कशाला हवा, असा प्रश्न कोणी करील. दोन धातूंचे पृष्ठभाग डोळ्यांस कितीही गुळगुळीत दिसले, तरी त्यांवर सूक्ष्म खांचखळगे असतात आणि त्यांत हवा अडकून राहते. तांबें हवेपेक्षां सुमारें १५,००० पट अधिक सुलभतेनें उष्णता वाहून नेतें. म्हणून हवेचा अगदीं पातळ थरही मोठी अडचण करितो. लेप ही हवा हुसकून खळगे भरतो. तो तांब्याच्या तोडीचा नव्हे, पण हवेपेक्षां शंभर पटींहून अधिक चांगला वाहक असतो. यावरून तो जाड थापूं नये, हेंही ध्यानांत येईल. पाकळ्यांचें प्रयोजन तर आपण रोज पाहतों. कढत चहा आपण बशींत ओततों, तेव्हां हवेशीं त्याचा संपर्क वाढतो. आणि वर फुंकर घालतों, तेव्हां तापलेली हवा जाऊन तिच्या जागीं थंड हवा येते. पाकळ्या ही बशी आणि पंखा ही फुंकर.

शेतकऱ्यांच्या मुलांस पुढची गोष्ट चटकन् उमजेल. विहिरीपासून शेवटच्या वाफ्यापर्यंत पाट वाहत असतो. मध्येंच तो तुंबला, तर वरच्या बाजूस पाणी थबकून फुगतें आणि खालचे वाफे कोरडे राहतात. पाणी कोठें अडलें हें जाणावयास सगळा पाट उकरावा लागत नाहीं. ओलें कोठें संपतें आणि कोरडें कोठें सुरू होतें, एवढें पाहिलें कीं पुरे. उष्णतेचेंही तसेंच आहे.

२. आंकडा आणि त्याचा वेग

प्रोसेसरच्या अंगींच उष्णतामान मोजण्याची सोय असते. संगणक सुरू करतांना उघडणाऱ्या मांडणीच्या पडद्यावर तें दिसतें, किंवा एचडब्ल्यूइन्फो यांसारख्या आज्ञावलीनें काम चालू असतांही पाहतां येतें. वर सांगितलेल्या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सिअस आहे. ती गांठली कीं तो स्वतःहून आपला वेग कमी करितो. म्हणून खेळांतील चित्रें अडखळतात. तरीही उष्णता वाढतच राहिली, तर तो स्वतःच्या रक्षणासाठीं यंत्र बंद करितो. तेव्हां यंत्र थांबणें हा येथें रोग नसून, रोगापासून वांचण्याचा त्याचा उपाय आहे.

परंतु नुसत्या आंकड्यावरून निर्णय देऊं नये. एएमडी कंपनीचा २०२२ सालीं निघालेला रायझन ५ ७६००एक्स हा प्रोसेसर पूर्ण कामावर ९५ अंशांपर्यंत जावा, अशीच त्याची रचना आहे. त्यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं. तोच आंकडा यंत्र स्वस्थ बसलें असतां दिसला, तर मात्र खास दोष समजावा. शिवाय खोलीची हवाही हिशेबांत धरली पाहिजे. खोली दहा अंशांनीं तापली, तर त्याच कामावर प्रोसेसरही सुमारें दहा अंशांनीं अधिक तापतो. म्हणून मे महिन्यांतला आंकडा जानेवारींतल्या आंकड्याशीं ताडून कोणी घाबरूं नये.

आम्हीं त्या मुलाच्या घरीं जाऊन वहींत नोंद केली. खोलींतील हवा २८ अंश. यंत्र स्वस्थ असतां प्रोसेसर ६४ अंश. खेळ सुरू करतांच पांच सेकंदांच्या आंत १०० अंश.

हा वेगच सर्वांत बोलका होता. शीतक हा धातूचा चांगला जड तुकडा असतो. तो तापावयास कित्येक मिनिटें लागतात. उष्णता त्यांत नीट शिरत असेल, तर प्रोसेसरचें उष्णतामान प्रथम थोडें उसळून मग सावकाश चढतें. येथें तें एकदम टोकाला गेलें. याचा अर्थ, उष्णता शीतकापर्यंत पोंचतच नव्हती. पाट पहिल्या दुसऱ्या टप्प्यालाच तुंबला होता.

३. न सांपडलेली धूळ

यंत्र बंद करून, विजेची तार काढून आम्हीं पेटी उघडली. शीतकाच्या पाकळ्यांस बोट लावून पाहिलें, तों त्या जेमतेम कोमट. आंत शंभर अंश आणि बाहेर कोमट! पंखा मोकळा फिरत होता. धूळ तर मुळींच नव्हती.

या शेवटच्या गोष्टीनें मी थबकलों. यंत्र तीन वर्षें वापरांत होतें. आपल्या गांवच्या धुळींत तीन वर्षें चाललेल्या पंख्यावर धुळीचा कण नसावा, हें कसें? मीं सहज विचारलें, "हें स्वच्छ कोणी केलें?" वडील म्हणाले, "कोणीच नाहीं. पेटी उघडूं नको, अशी मीं याला ताकीदच दिली आहे." मीं मुलाकडे पाहिलें. त्याच्या डोळ्यांत पाणी उभें राहिलें होतें.

मग त्यानें सर्व सांगितलें. दिवाळीच्या साफसफाईंत, घरीं कोणी नसतांना, त्यानें शीतक काढून ब्रशानें झाडला होता आणि पुन्हां बसविला होता. हेतु चांगला होता. पण शीतकाच्या चार खुंट्यांपैकीं एक नीट अडकली नव्हती, त्यामुळें तो एका बाजूनें उचललेला राहिला. आणि जुना, वाळून गेलेला लेपही त्यानें तसाच ठेविला होता. त्यानंतर दोन दिवसांनीं यंत्र बंद पडूं लागलें. "मग इतके दिवस बोलला कां नाहींस?" वडिलांनीं विचारलें. "तुम्ही रागवाल म्हणून." वडील क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मी रागावलों असतों हें खरें. पण वीस हजार रुपये तर गेले नसते."

दुसरे दिवशीं लेपाची एक लहान नळी आणली. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडानें दोन्ही पृष्ठभाग पुसले, मध्यभागीं तुरीच्या दाण्याएवढा लेप ठेविला, आणि खुंट्या समोरासमोरच्या जोडीनें, टक् असा आवाज होईपर्यंत दाबल्या. हें सर्व त्या मुलाच्याच हातून करविलें. मग पुन्हां मोजलें. खोली २८ अंश, स्वस्थ असतां ३९ अंश, आणि अर्धा तास खेळ चालविल्यावर ७१ अंश. प्रोसेसरही तोच आणि मदरबोर्डही तोच.

४. दुसरीं कारणें

प्रत्येक यंत्राचा दोष हाच असेल असें नाहीं. पण शोधाची रीत तीच.

उष्णतामान दहा-पंधरा मिनिटांत सावकाश चढत असेल आणि पाकळ्या चांगल्याच तापत असतील, तर संपर्क ठीक आहे. अडथळा हवेंत आहे. पेटीची बाजू काढून तोच खेळ चालवून पाहावा. आंकडा बराच उतरला, तर पेटींत हवा खेळत नाहीं असें समजावें. पाकळ्यांत धूळ दाटली असेल, किंवा एखादा पंखा थांबला अथवा उलटा बसला असेल. धूळ मऊ ब्रशानें काढावी, व त्या वेळीं पंख्याचीं पातीं बोटानें धरून ठेवावीं. पेटी भिंतीला टेकवून किंवा कपाटांत कोंडून ठेविली असेल, तर उपाय फुकटच आहे.

कांहीं यंत्रांत नळ्यांतून द्रव खेळवून उष्णता नेतात. त्यांतील पंप थांबला, तर पंखे जोरांत फिरत असूनही आंकडा झपाट्यानें चढतो.

यंत्र स्वस्थ असतांही प्रोसेसर कामांत गुंतलेला दिसला, तर कोणती आज्ञावली चालू आहे हें टास्क मॅनेजरमध्यें पाहावें. फुकट मिळालेल्या खेळाबरोबर चोरपावलांनीं शिरलेली आज्ञावली आपल्या विजेवर दुसऱ्याचें काम करीत असते.

उष्णतामान ठीक असूनही यंत्र एकाएकीं बंद पडत असेल, तर वीज पुरविणारा पॉवर सप्लाय तपासावा. आणि प्रत्येक बिघाडाचें खापर उष्णतेवर फोडूं नये. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढींतील कांहीं शक्तिमान प्रोसेसर वारंवार बिघडूं लागले, तेव्हां त्याचें मूळ वाजवीपेक्षां अधिक विद्युद्दाबांत आहे, असें २०२४ सालीं कंपनीनेंच जाहीर केलें. तिनें प्रोसेसरसाठीं सुधारलेली आज्ञावली दिली आणि हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढविली. तेथें कोणी मोठा पंखा आणून बसविला असता, तर आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं अशी गत झाली असती.

५. शोधाचे नियम

यावरून तीन नियम वहींत लिहून ठेवा. पहिला, आधीं मोजावें आणि मग हात लावावा. दुसरा, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि पुन्हां मोजावें. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशानें आला हें कधींच कळत नाहीं. तिसरा, दोष सुरू होण्यापूर्वीं शेवटचें काय घडलें, हें विचारावें आणि त्याचें उत्तर खरें द्यावें. डॉक्टर रोग्याला हाच प्रश्न करितात. उष्णतामापक शंभर अंश सांगेल, पण दिवाळींत शीतक कोणी काढला हें तो सांगणार नाहीं.

पालकांस एक विनंति. मुलांनीं यंत्र उघडूं नये असें आपणांस वाटणें साहजिक आहे. परंतु नुसत्या मनाईपेक्षां शेजारीं बसून एकदां उघडूं देणें अधिक चांगलें. त्या घरांत आतां नियम बदलला आहे. मुलानें पेटी उघडावी, पण आधीं सांगावें. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारीं तो उष्णतामान मोजून वहींत लिहितो, आणि खोलींतील हवेचा आंकडा वडील सांगतात.