श्वानांतील स्वप्रतिकारजन्य रक्तक्षय : पूरक उपचार आणि घरातील शुश्रूषा

प्रस्तावना

शेतावरील राखणदार कुत्रा, मेंढपाळाच्या कळपाबरोबर फिरणारा कुत्रा किंवा घरात वाढवलेला श्वान हा पशुपालकाच्या कुटुंबाचाच एक घटक असतो. असा धडधाकट कुत्रा अचानक मलूल होतो, खाणे सोडतो, दोन दिवसांत त्याच्या हिरड्या पांढुरक्या पडतात आणि लघवी गडद तपकिरी होते. त्याला कावीळ झाली असे समजून पुष्कळदा झाडपाल्याचे औषध दिले जाते, किंवा औषध दुकानातून रक्तवाढीचे टॉनिक आणले जाते. या उपायांत जे दोन-तीन दिवस निघून जातात, तेच बहुधा त्या जनावराचे प्राण वाचवण्याचे दिवस असतात. या लक्षणांमागील एक महत्त्वाचे कारण म्हणजे स्वप्रतिकारजन्य रक्तक्षय. या आजाराचे स्वरूप, औषधोपचाराला पूरक असे उपचार आणि घरी घ्यावयाची काळजी यांची माहिती विस्तार कार्यकर्ते व प्रगतिशील पशुपालक यांच्यासाठी या लेखात दिली आहे.

आजाराचे स्वरूप

शरीरात शिरलेल्या जंतूंना ओळखून त्यांचा नाश करणे हे प्रतिकारशक्तीचे कार्य आहे. या आजारात मात्र ती स्वतःच्याच तांबड्या रक्तपेशींना परक्या समजते. या पेशींवर प्रतिपिंडे चिकटतात आणि अशा पेशी प्लीहा व यकृतामध्ये नष्ट केल्या जातात. काही श्वानांत त्या थेट रक्तवाहिन्यांमध्येच फुटतात. निरोगी श्वानाची तांबडी पेशी साधारणतः ११० दिवस जगते. या आजारात ती काही दिवसांतच नष्ट होते. अस्थिमज्जा नव्या पेशी तयार करू लागते, परंतु त्या पुरेशा संख्येने रक्तात येण्यास किमान तीन ते पाच दिवस लागतात. नाश वेगाने आणि भरपाई सावकाश, ही तफावतच श्वानाच्या जिवावर बेतते.

आजाराचे दोन प्रकार मानले जातात. ज्यात कोणतेही मूळ कारण सापडत नाही तो प्राथमिक प्रकार. कॉकर स्पॅनियल जातीत तो तुलनेने अधिक आढळतो. दुसऱ्या आजारामुळे किंवा औषधामुळे उद्भवणारा तो दुय्यम प्रकार. भारतातील परिस्थितीत दुय्यम प्रकाराकडे विशेष लक्ष द्यावे लागते, कारण आपल्याकडे तपकिरी गोचीड वर्षभर आढळते आणि तिच्यामार्फत बॅबेसिया व अर्लिकिया यांसारखे रक्तातील जंतू श्वानांत पसरतात. यांपैकी बॅबेसियाचा संसर्ग हे दुय्यम प्रकाराचे सर्वांत ठळक कारण आहे. सल्फा गटातील व काही अन्य प्रतिजैविके, तसेच कर्करोग ही देखील कारणे असू शकतात.

लक्षणे

• हिरड्या, ओठांची आतील बाजू व पापण्यांचा आतील भाग फिकट पांढरा किंवा पिवळसर होणे
• अशक्तपणा, थोडे चालताच बसणे, भोवळ येऊन पडणे
• विश्रांतीतही श्वास व नाडी जलद चालणे
• लघवी गडद पिवळी, तपकिरी किंवा लालसर होणे
• ताप, उलट्या, अन्नावरची वासना जाणे. क्वचित माती चाटणे
• पोटावर किंवा हिरड्यांवर लाल-जांभळे ठिपके दिसणे. रक्त गोठवणाऱ्या पेशीही नष्ट होत असल्याची ही खूण असते.

निदान

पशुवैद्यक प्रथम पीसीव्ही, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे शेकडा प्रमाण तपासतात. निरोगी श्वानात ते साधारण ३७ ते ५५ टक्के असते. या आजारात ते १५ टक्क्यांच्याही खाली जाऊ शकते. काचपट्टीवर रक्ताचा थेंब सलाईनमध्ये मिसळला असता पेशींचे पुंजके होतात का, हे पाहिले जाते. सूक्ष्मदर्शकाखाली लहान, गोल व मध्यभागी फिकटपणा नसलेल्या पेशी शोधल्या जातात. आवश्यकतेनुसार कूम्ब्स चाचणी केली जाते.

यासोबतच रक्तातील परजीवींची तपासणी केलीच पाहिजे. कानाच्या टोकातून घेतलेल्या रक्ताच्या काचपट्टीत बॅबेसिया सापडण्याची शक्यता अधिक असते. ही तपासणी न करता केवळ स्टिरॉइड सुरू केल्यास मूळ संसर्ग दबून राहतो व बळावतो. उलटपक्षी, परजीवींवर योग्य औषध दिल्याने अनेक श्वानांत प्रतिकारशक्ती दडपणाऱ्या औषधांची गरज कमी पडते किंवा त्यांचा कालावधी घटतो.

मुख्य उपचार

प्रेडनिसोलोन हे मुख्य औषध होय. त्याची सुरुवातीची मात्रा सर्वसाधारणपणे दररोज दर किलो वजनामागे २ ते ३ मिलिग्रॅम असते. २५ किलोपेक्षा मोठ्या श्वानांत ती शरीराच्या पृष्ठभागानुसार ठरवतात व वजनाच्या मानाने कमी ठेवतात. आजार तीव्र असल्यास अ‍ॅझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट किंवा सायक्लोस्पोरिन यांपैकी एखादे औषध जोडले जाते. पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय यांपैकी कोणतेही औषध सुरू करू नये, बदलू नये आणि बंदही करू नये.

पूरक उपचार

१. रक्त चढवणे : श्वान धापा टाकत असेल, उभा राहू शकत नसेल किंवा पीसीव्ही वेगाने घसरत असेल तर रक्त चढवावे लागते. "चढवलेले रक्तही नष्ट होईल, मग उपयोग काय?" असा प्रश्न पशुपालक विचारतात. त्या पेशी काही प्रमाणात नष्ट होतात हे खरे. परंतु औषधांचा परिणाम दिसेपर्यंत लागणारे मोलाचे दिवस त्या मिळवून देतात.

रक्तदाता श्वान निरोगी, साधारण १ ते ८ वर्षे वयाचा, २५ किलोपेक्षा अधिक वजनाचा, लसीकरण झालेला आणि रक्तातील परजीवींपासून मुक्त असावा. त्याला पूर्वी कधीही रक्त चढवलेले नसावे. रक्तगट व रक्ताची जुळणी तपासूनच रक्त द्यावे. चेन्नई येथील मद्रास पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या काही संस्थांत श्वानांसाठी रक्तपेढीची सोय आहे. अन्यत्र पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दात्याचा श्वान सोबत नेल्यास वेळ वाचतो.

२. रक्ताच्या गुठळ्यांना प्रतिबंध : या आजारात रक्त कमी असूनही ते गोठण्याची प्रवृत्ती वाढते. फुफ्फुसात किंवा अन्य अवयवात अडकणारी गुठळी हे मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. म्हणून क्लोपिडोग्रेल किंवा हेपॅरिन यांसारखी औषधे दिली जातात. "रक्त आधीच कमी आहे, मग रक्त पातळ करणारे औषध कशाला?" अशी शंका घेऊन ती परस्पर बंद करणे घातक ठरते.

३. जठराचे संरक्षण व सलाईन : स्टिरॉइडमुळे जठरात व्रण होण्याचा धोका असलेल्या श्वानांत जठरसंरक्षक औषध दिले जाते. सलाईन मोजूनमापून द्यावे लागते. त्याने पाण्याची तूट भरून निघते, तांबड्या पेशींची तूट नव्हे.

४. लोह व टॉनिक : या आजारात पेशी शरीरातच फुटतात, त्यामुळे त्यांतील बहुतेक लोह शरीरातच राहते व पुन्हा वापरले जाते. म्हणून लोहाच्या टॉनिकचा सहसा उपयोग होत नाही. गोचीड किंवा अंकुशकृमी रक्त शोषत असल्यास लोहाची तूट निर्माण होते. तो वेगळ्या प्रकारचा रक्तक्षय आहे. टॉनिक द्यावे की नाही, हे तपासणीनंतरच ठरवावे.

घरातील शुश्रूषा

विश्रांती : पीसीव्ही स्थिर होईपर्यंत श्वानास पळू देऊ नये, जिने चढू देऊ नये. मात्र त्याला दिवसभर एकाच जागी निश्चल ठेवणेही योग्य नाही. लघवी-शौचासाठी दिवसातून काही वेळा सावकाश चालवावे. गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरावा. जागा कोरडी, सावलीची व हवेशीर असावी. रक्त कमी असलेल्या श्वानास उष्णता सोसत नाही, हे विशेषतः उन्हाळ्यात ध्यानात ठेवावे.

आहार : शिजवलेला, मऊ, बिनमसाल्याचा व कमी स्निग्ध आहार थोडा थोडा करून तीन-चार वेळा द्यावा. भात, उकडलेले अंडे, उकडलेले कोंबडीचे मांस, शिजवलेला लाल भोपळा हे पदार्थ योग्य ठरतात. कांदा व लसूण कोणत्याही रूपात देऊ नयेत, कारण त्यांतील गंधकयुक्त घटक तांबड्या पेशींना इजा करतात. आपल्याकडे उरलेली आमटी, रस्सा किंवा फोडणीचा भात कुत्र्याला घालण्याची रीत आहे. या श्वानाच्या बाबतीत ती कटाक्षाने टाळावी. प्रतिकारशक्ती औषधांनी दडपलेली असल्याने कच्चे मांस, खाटिकखान्यातील कच्चे अवशेष व न तापवलेले दूध देऊ नये. स्टिरॉइडमुळे भूक फार वाढते. तरी आहार मोजूनच द्यावा. धाप लागलेल्या श्वानाच्या तोंडात जबरदस्तीने अन्न कोंबू नये.

पाणी : स्टिरॉइड घेणारा श्वान पुष्कळ पाणी पितो व वारंवार लघवी करतो. घरात घाण होते म्हणून पाणी तोडू नये. बाहेर नेण्याच्या फेऱ्या वाढवाव्यात.

औषधे : गोळ्या ठरलेल्या वेळी, पशुवैद्यकाने सांगितले असेल त्याप्रमाणे खाण्यासोबत द्याव्यात. एखादी मात्रा चुकल्यास पुढच्या वेळी दुप्पट देऊ नये. अ‍ॅझाथायोप्रिन व मायकोफेनोलेटच्या गोळ्या फोडू किंवा कुटू नयेत, हातमोजे घालून द्याव्यात; गर्भवती स्त्रियांनी त्या हाताळू नयेत. ताप किंवा वेदना दिसली तरी घरातील पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन अथवा जनावरांसाठी आणलेले मेलॉक्सिकॅम देऊ नये. स्टिरॉइडसोबत वेदनाशामके दिल्यास जठरातून रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल तर स्वतःच तांबड्या पेशींना इजा करू शकते.

दैनंदिन नोंद : एका वहीत पुढील नोंदी सकाळ-संध्याकाळ ठेवाव्यात.

• हिरड्यांचा रंग (उजेडात, शक्यतो एकाच व्यक्तीने पाहावा)
• झोपेत असताना एका मिनिटातील श्वास. सामान्यतः ३० पेक्षा कमी
• शरीराचे तापमान; सामान्यतः १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट
• लघवी व शौचाचा रंग
• खाल्लेले अन्न, दिलेली औषधे, उलटी

ही वही पुढील तपासणीस सोबत न्यावी. मात्रा ठरवताना पशुवैद्यकास तिचा मोठा उपयोग होतो.

तातडीने दवाखान्यात केव्हा न्यावे?

• हिरड्या अचानक पांढऱ्या किंवा निळसर झाल्यास
• विश्रांतीतील श्वास मिनिटाला ४० च्या पुढे गेल्यास किंवा एकाएकी धाप लागल्यास
• लघवी पुन्हा गडद झाल्यास
• शौच डांबरासारखे काळे झाल्यास
• मागचे पाय एकाएकी लुळे व थंड पडल्यास
• श्वान बेशुद्ध पडल्यास

अनेक राज्यांत १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची सेवा उपलब्ध आहे. दवाखाना दूर असल्यास या सेवेचा लाभ घ्यावा.

गोचीड नियंत्रण

तपकिरी गोचीड आयुष्याचा बहुतांश काळ श्वानाच्या अंगावर नव्हे, तर भिंतींच्या भेगा, कुत्र्याचे अंथरूण व गोठ्याचे कोपरे यांत घालवते. एक मादी काही हजार अंडी घालते. म्हणून केवळ अंगावरच्या गोचिडी वेचून भागत नाही. भेगा बुजवाव्यात, अंथरूण गरम पाण्यात धुवावे आणि घरातील सर्व कुत्र्यांवर एकाच वेळी उपचार करावेत. गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी. बोटांनी चिरडू नये. गुरांसाठी आणलेले गोचीडनाशक अंदाजाने पातळ करून आजारी श्वानास लावू नये. श्वानांसाठीचेच उत्पादन पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वापरावे.

दीर्घकालीन देखभाल

पीसीव्ही ३० टक्क्यांच्या वर येऊन सुमारे दोन आठवडे स्थिर राहिल्यावर स्टिरॉइडची मात्रा दर तीन आठवड्यांनी साधारण चतुर्थांशाने घटवली जाते. प्रत्येक वेळी घट करण्यापूर्वी रक्त तपासतात. संपूर्ण उपचार बहुधा चार ते आठ महिने चालतात. श्वान खेळू लागला, जेवू लागला म्हणून औषध एकदम थांबवणे ही सर्वाधिक घडणारी चूक आहे. त्यामुळे आजार उलटतो, आणि दीर्घकाळ दिलेले स्टिरॉइड अचानक तोडल्याने श्वान कोसळूही शकतो.

या काळातील लसीकरणाचा निर्णय पशुवैद्यकावर सोपवावा. रेबीज हा माणसालाही होणारा प्राणघातक रोग असल्याने त्या लसीचा विषय स्वतःहून टाळू नये. लस पुढे ढकलावी लागल्यास तोपर्यंत भटक्या श्वानांशी संपर्क येऊ देऊ नये.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

पशुपालकास आजाराचे गांभीर्य सुरुवातीसच सांगावे. सुरुवातीचे दोन आठवडे सर्वांत धोक्याचे असतात आणि योग्य उपचार होऊनही अनेक श्वान दगावतात. उपचार खर्चिक व दीर्घ मुदतीचे आहेत. हे आधीच ठाऊक असल्यास कुटुंब विचारपूर्वक निर्णय घेते आणि उपचार मध्येच सोडण्याची वेळ टळते. मात्र हा धोक्याचा काळ ओलांडलेल्या श्वानांपैकी पुष्कळ जण पुढे समाधानकारक जीवन जगतात, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावे.

प्रत्येक पशुपालकास कुत्र्याचा ओठ उचलून हिरडी पाहण्याची सवय लावावी. निरोगी हिरडीचा गुलाबी रंग ज्याच्या परिचयाचा आहे, त्याला फिकटपणा पहिल्याच दिवशी जाणवतो. या आजारात तो एक दिवस लवकर लक्षात येणे ही श्वानाच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे.