जुन्या अँप्लिफायरचे सगळेच कपॅसिटर बदलू नका

व्हॉल्व्हचा जुना गिटार अँप्लिफायर घरी आणला की पहिला सल्ला ठरलेला असतो: ‘आधी सगळे कपॅसिटर बदलून घ्या.’ माझ्या १९६६च्या फेंडर डिलक्स रिव्हर्बच्या बाबतीत एका दुरुस्तीवाल्यानं तो अक्षरशः अमलात आणला. न्यू जर्सीत एका वयस्क वादकाकडून मी हा अँप घेतला तेव्हा त्याच्या तक्रारी दोनच होत्या. स्पीकरमधून सतत घूं असा आवाज यायचा आणि दोन ६व्ही६ व्हॉल्व्हपैकी एकाची प्लेट मधूनच लालबुंद व्हायची. दुरुस्तीहून परत आला तेव्हा दोन्ही दोष गेले होते, पण ज्या टोनसाठी मी पैसे मोजले होते तोही गेला होता. तार हलकेच छेडा नाहीतर जोरात, अँपचं उत्तर एकच. आवाज वाढवला की खालचे सूर सैल होऊन पसरायचे. त्यातच एके संध्याकाळी स्टँडबायचा खटका ओढताच रेक्टिफायर व्हॉल्व्हमध्ये ठिणगी पडली आणि फ्यूज उडाला.

चॅसी खाली उतरवून फेंडरचा मूळ नकाशा शेजारी ठेवला आणि एकेक भाग ताडून पाहिला, तेव्हा उलगडा झाला. पुरवठ्यातले पाच इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मुळात प्रत्येकी १६ मायक्रोफॅरडचे. त्यांच्या जागी ४७चे बसवले होते. पहिल्या टप्प्यावर दोन कपॅसिटर समांतर असतात, म्हणजे ३२च्या ठिकाणी ९४ मायक्रोफॅरड झाले. जीझेड३४ या रेक्टिफायर व्हॉल्व्हला निर्मात्यानं घालून दिलेली मर्यादा ६०ची आहे. चालू करताना एवढा साठा भरायला लागणारा प्रवाह त्याच्या कुवतीपलीकडचा, म्हणून ठिणगी. शिवाय जोरात वाजवल्यावर व्होल्टेज क्षणभर दबतं, साठा मोठा झाला की ते दबणंही कमी होतं. या अँपचा बोटांना जाणवणारा मऊपणा बराचसा त्या दबण्यातून येतो.

सैल खर्जाचं कारण वेगळं होतं. आउटपुट व्हॉल्व्हच्या आधी १२एटी७चा एक टप्पा सिग्नलचे दोन उलटसुलट भाग करतो. त्याच्या तोंडाशी फेंडरनं ०.००१ मायक्रोफॅरडचा अगदी छोटा कपॅसिटर ठेवला आहे. गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झला वाजते आणि हा कपॅसिटर त्याच आसपासच्या सुरांना थोडा लगाम घालतो. बारा इंची एकच स्पीकर आणि साधारण २० वॉटची ताकद असलेल्या अँपला हा लगाम लागतोच. दुरुस्तीवाल्यानं तिथे ०.०२२चा बसवला होता, बावीस पट मोठा. कदाचित त्याच्याकडे तोच शिल्लक असेल. दोन्ही मूळ किमती, म्हणजे मायक्रोफॅरडचे मूळ आकडे, परत घातल्या आणि टोन जागेवर आला.

म्हणून माझं ठाम मत आहे की कपॅसिटरच्या ब्रँडआधी त्याची किंमत आणि जागा बघा. मार्शलचंच पाहा. १९६२मध्ये लंडनमध्ये तयार झालेला पहिला मार्शल, जेटीएम४५, फेंडरच्या बासमनच्या सर्किटवरून बेतलेला होता. पुढे त्याच घराण्यातल्या लीड अँपमध्ये एका कॅथोडला २.७ किलोओहमच्या रोधाशेजारी फक्त ०.६८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आला. फेंडर अशा जागी २५ घालतो. २५मुळे सगळ्या सुरांना सारखी उचल मिळते, तर ०.६८मुळे मधल्या आणि वरच्या सुरांना पूर्ण आणि खर्जाला कमी. रॉकचा तो चिरत जाणारा मार्शल आवाज घडण्यात या किरकोळ दिसणाऱ्या भागाचा मोठा हात आहे.

माझ्या अँपमधले जुने निळे कपॅसिटर काढून तिथे महागडे तेल-कागदाचे घातले होते. त्यांतले काही मी उतरवले, मीटरवर मोजून त्याच किमतीचे साधे पॉलिस्टरचे लावले आणि एका मित्राला पाठमोरा बसवून वाजवलं. त्यालाही फरक सांगता आला नाही, मलाही नाही. सिरॅमिक चकत्यांची गोष्ट निराळी. त्या ठोकल्या तर आवाज देऊ शकतात, आणि काही प्रकारांची किंमत व्होल्टेजबरोबर बदलते.

बदलायचं काय, ते मोजून ठरवा. पन्नास-साठ वर्षांचे इलेक्ट्रोलिटिक वाळतात, ते मात्र न मोजता बदला. ग्रिडच्या उणे व्होल्टेजचा, म्हणजे बायसचा, कपॅसिटर विसरू नका. तो गेला तर आउटपुट व्हॉल्व्ह जळतात. सिग्नलच्या मार्गातले तपासून पाहा. लाल प्लेटमागे बहुधा ०.१चा गळका कपॅसिटर असतो. नंतर हाती आलेल्या अशाच एका अँपमध्ये ग्रिडवर उणे ३५ व्होल्ट असायला हवे होते, भरले उणे २८. कपॅसिटरचा ग्रिडकडचा पाय सोडवला आणि तो पाय व चॅसी यांच्यामध्ये मीटर डीसीवर लावला. चांगल्या कपॅसिटरवर आकडा सुरुवातीला उडी मारून शून्याजवळ येतो. इथे तो काही व्होल्टवर ठाण मांडून बसला. तेवढा एक बदलला, तो किती व्होल्ट पेलतो ते बघून घेतलं (६०० किंवा ६३०), बाकीच्यांना हात लावला नाही.

अँप दुसऱ्याकडे देणार असाल तर आतल्या पट्टीचे जवळून फोटो काढून ठेवा. कोणत्या जागी कोणत्या किमतीचा भाग येणार, ते कागदावर लिहून घ्या आणि काढलेले सगळे भाग परत मागा. माझे निळे कपॅसिटर मी मागितले तोवर ते कचऱ्यात गेले होते. एकदा गेलेले मूळ भाग परत मिळत नाहीत, आणि अँपची बाजारातली किंमतही घटते.

स्वतः हात घालणार असाल तर प्लग काढल्यानंतरही पुरवठ्यात ४०० व्होल्ट शिल्लक राहू शकतात, हे लक्षात असू द्या. पेचकस टेकवून ठिणगी पाडू नका. काही किलोओहमच्या जाड रोधातून साठा रिकामा करा, मीटरवर शून्याजवळचा आकडा दिसल्यावरच बोट पुढे न्या. याची सवय नसेल तर हे काम जाणकाराकडेच द्या.

जुन्या अमेरिकन अँपमध्ये दोन पिनांची वायर आणि वीजवाहिनी ते चॅसी जोडणारा ०.०४७चा एक कपॅसिटर असतो. तिकडे त्याला मृत्यूचा कपॅसिटर म्हणतात, आणि नाव खरं आहे. तो शॉर्ट झाला तर गिटारच्या तारांत थेट मेनची वीज उतरते. भारतात असा अँप आणत असाल तर २३०चे १२० करणारा ट्रान्सफॉर्मर लागेलच, पण एवढ्यानं हा धोका टळत नाही. टोनचा विचार नंतर करा. पहिल्यांदा प्लग लावण्याआधी तो कपॅसिटर काढून अर्थिंगची तीन पिनांची वायर बसवून घ्या.