कडुनिंबाचा पाचोळा आणि विजेची साठवण

माढा तालुक्यातील मोडनिंब हे गाव कुर्डुवाडी-पंढरपूर लोहमार्गावर आहे. गावाच्या नावातच निंब आहे, आणि सोलापूरच्या कोरड्या हवेत कडुनिंब चांगला वाढतो. उन्हाळ्याच्या तोंडाला त्याची पाने गळतात. आपण ती झाडून कोपऱ्यात पेटवून देतो. कित्येक शेतांत उसाच्या पाचटाचेही तेच होते. मागे उरते मूठभर राख. मग पानातला कार्बन गेला कोठे? ऑक्सिजनशी संयोग पावून तो कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने हवेत गेला.

आता तीच पाने हवा लागू न देता तापवली तर? वाफ आणि ज्वलनशील वायू निघून जातात, कार्बनचा सांगाडा मागे राहतो. हाच कोळसा. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली पाचटापासून चुलीसाठी असा कोळसा करण्याची पद्धत विकसित केली. त्या कामाला २००२ साली अ‍ॅश्डेन पारितोषिक मिळाले.

परंतु कोळसा केवळ जाळण्यासाठीच असतो काय? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सतीशचंद्र ओगले व त्यांच्या सहकाऱ्यांनी कडुनिंबाच्या वाळक्या पानांची पूड निष्क्रिय वायूत अतिशय उच्च तापमानाला तापवली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनानुसार, मिळालेल्या कार्बनच्या एका ग्रॅमचे पृष्ठफळ सुमारे १२३० चौरस मीटर होते! कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. म्हणजे चिमूटभर पुडीत अशी नऊ मैदाने मावली. हे पृष्ठफळ असते कार्बनमधील असंख्य सूक्ष्म छिद्रांच्या भिंतींचे. एरवी अशी छिद्रे पाडण्यासाठी कोळशावर निराळी रासायनिक प्रक्रिया करतात. येथे ते काम पानांतल्याच घटकांनी केले.

या पृष्ठफळाचा उपयोग काय? असा कार्बन लावलेली दोन विद्युतअग्रे आयन असलेल्या द्रवात ठेवून विद्युतघटाला जोडली, की ऋण अग्राकडे धन आयन आणि धन अग्राकडे ऋण आयन ओढले जातात व पृष्ठभागाला लगटून बसतात. जितका पृष्ठभाग मोठा, तितके अधिक आयन आणि तितका अधिक विद्युतभार. या साधनाला महाधारित्र म्हणतात. ते झटपट भारित होते आणि झटपट वीज देते. मात्र त्याच वजनाच्या लिथियम विद्युतघटापेक्षा ऊर्जा बरीच कमी साठवते. निंबाच्या कार्बनची धारिता आम्लाच्या द्रावणात एका ग्रॅमला ४०० फॅरड इतकी आढळली.

म्हणून गावातला सगळा पाचोळा भट्टीत घालावा काय? नाही. पाचट शेतातच कुजवले तर जमिनीला सेंद्रिय द्रव्य मिळते. तिचा वाटा आधी. जे एरवी पेटवूनच दिले जाते, त्याचा विचार करायचा आहे.

करून पाहा : शिक्षकांच्या देखरेखीखाली, मोकळ्या जागी, झाकणाला खिळ्याने भोक पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात वाळकी पाने भरून डबा विस्तवावर ठेवा. भोकातून धूर येणे थांबले की उतरवा आणि पूर्ण थंड झाल्यावरच उघडा. तेवढ्याच वजनाची पाने उघड्यावर जाळून दोन्ही अवशेषांचे वजन करा. मग टॉर्चच्या घटाला बारीक दिवा जोडून त्या मंडलात आधी पेन्सिलीचे शिसे आणि नंतर तुमचा कोळसा ठेवा. शिशाने दिवा लागेल, कोळशाने बहुधा लागणार नाही. दोन्हींत कार्बनच आहे. मग असे का? विस्तवाची उष्णता आणि प्रयोगशाळेतील भट्टीची उष्णता यांची तुलना करा. उत्तर तेथेच सापडेल.