मराठी क्रीडालेखनाची गुणवत्ता : दैनिक आणि पाक्षिक यांच्या तुलनेचे निकष

मराठी गद्याच्या अभ्यासात क्रीडालेखन सहसा विचारात घेतले जात नाही. घेतले गेलेच, तर दैनिकातील वृत्तांत ‘रूक्ष’ आणि नियतकालिकातील लेख ‘ललित’ अशी वाटणी होते. ही वाटणी गुणवत्तेची नसून प्रयोजनाची आहे. या दोहोंमधील गल्लत दूर करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

‘महाराष्ट्र टाइम्स’ 1962 साली सुरू झाला. वि. वि. करमरकर यांनी त्यात क्रीडावृत्ताला स्वतंत्र पान मिळवून दिले आणि क्रिकेटच्या बरोबरीने कबड्डी, खो-खो या खेळांनाही जागा दिली. पुढे संदीप पाटील यांच्या संपादकत्वाखाली निघालेल्या ‘एकच षटकार’ने वेगळी वाट धरली. ज्याला निकाल आधीच ठाऊक आहे असा वाचक तेथे गृहीत होता. द्वारकानाथ संझगिरी यांची गोष्टीवेल्हाळ, चित्रपटसृष्टीचे दाखले देणारी शैली याच वाचकाला उद्देशून होती. दैनिकाच्या वाचकाला काय घडले ते हवे असते. पाक्षिकाच्या वाचकाला घडलेले पुन्हा अनुभवायचे असते. तेव्हा दोहोंना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरते.

शब्दसंपत्तीच्या आधारेही ही तुलना फार पुढे जात नाही, कारण परिभाषा दोघांची सामाईक आहे. ‘गोलंदाज’ हा मूळचा तोफखान्यातील शब्द. ‘फलंदाज’ हा त्याच्याच धर्तीवर घडलेला. ‘पायचीत’, ‘धावचीत’, ‘त्रिफळाचीत’, ‘यष्टिचीत’ यांतील ‘चीत’ कुस्तीच्या हौद्यातून आलेला आहे. म्हणजे परक्या खेळाला मराठीने आपल्या रणांगणाची आणि आखाड्याची भाषा दिली. या शब्दांत युद्ध आणि कुस्ती मुरलेलीच असल्यामुळे त्यांवर ‘कत्तल’, ‘धुव्वा’, ‘चारी मुंड्या चीत’ यांची आणखी भर घातली, तर अर्थ वाढत नाही, केवळ आवाज वाढतो.

खरा भेद क्रियापदात आणि तपशिलाच्या क्रमात दिसतो. 25 जून 1983 रोजी लॉर्ड्सवर झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातील व्हिव्ह रिचर्ड्सचा झेल उदाहरणादाखल घेता येईल. त्याची दोन वर्णने येथे मुद्दाम रचली आहेत. पहिले : ‘कपिलदेवने वाघासारखी झेप घेऊन विंडीजच्या साम्राज्याला सुरुंग लावला.’ दुसरे : ‘मदनलालचा चेंडू रिचर्ड्सने उंच टोलावला, कपिलदेव पाठमोरा धावत गेला आणि खांद्यावरून येणारा चेंडू त्याने झेलला.’ पहिले वाक्य अलंकृत आहे, परंतु खोटे आहे. कपिलदेवने झेप घेतलीच नव्हती. तो धावला होता. त्या झेलाची अवघड बाजू धावण्यात आणि चेंडूवरची नजर ढळू न देण्यात होती. रूपकाने नेमकी तीच झाकली. वाघ आला आणि खेळाडू दिसेनासा झाला.

दुसरे वाक्य खरे असले तरी पुरेसे नाही. भारताचा डाव 183 धावांत संपला होता. रिचर्ड्सने 28 चेंडूंत 33 धावा काढल्या होत्या, त्यांत 7 चौकार होते. तो बाद झाला तेव्हा धावफलक 3 बाद 57 होता. हे आकडे ध्यानात घेतले, तरच त्या झेलाचे मोल उमगते. विंडीजचा डाव पुढे 140 धावांत आटोपला आणि भारत 43 धावांनी विजयी झाला. आकडे हे क्रीडालेखनाचे ओझे नसून कारणमीमांसेचे साधन आहे, हे येथे स्पष्ट होते.

यावरून तुलनेचे तीन निकष निश्चित करता येतात. क्रियापद प्रत्यक्ष हालचालीशी इमान राखते काय? आकडा कारण सांगतो, की केवळ जागा भरतो? रूपक खेळाडूला उजेडात आणते, की झाकते? हे निकष दैनिकाला जितके लागू आहेत तितकेच पाक्षिकालाही. घाईत लिहिलेला वृत्तांत त्यांवर खरा उतरू शकतो आणि सावकाश लिहिलेला ललित लेख उणा पडू शकतो.

हा प्रश्न केवळ शैलीचा नाही. खो-खोच्या खेळाडूने खांबाजवळ दिलेली हुलकावणी किंवा कबड्डीतील चढाईपटूने निदानरेषेवरून परतताना साधलेला तोल पुष्कळदा चित्रफितीत उरत नाही. त्याची नोंद एखाद्या वृत्तांतातील दोन ओळींत असते. त्या ओळी अचूक नसतील, तर तो खेळ घडूनही नाहीसा होतो. अशा ओळींचे मूल्यमापन करणे हे मराठीच्या अभ्यासकाचेच काम आहे.